क्लब घ्यावा तर त्याच्याच पैशाने

आमच्या डोंबिवलीत कोणी फ्लॅट घेतला की पहिला प्रश्न असतो, लोन किती काढलं आणि हप्ता किती बसतोय. म्हणजे आपण किती भोळे बघा. हप्ता आपण का भरायचा? शेजारच्या काकांचा फ्लॅट आवडलाय ना, मग बँकेत जायचं, काकांचाच फ्लॅट तारण ठेवायचा, आलेल्या पैशात काकांचा फ्लॅट घ्यायचा आणि हप्ता काकांच्या पेन्शनमधून वळता करायचा. काका बोंबलले तर शांतपणे सांगायचं, काका, प्रॉपर्टीची व्हॅल्यू वाढतीये.

हसू नका. 2005 मध्ये मँचेस्टरला हेच झालंय. अमेरिकेतल्या ग्लेझर फॅमिलीने मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब घेतला, किंमत 79 कोटी पौंडांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त उसने, आणि त्यातलं बरंचसं कर्ज कोणाच्या डोक्यावर, तर क्लबच्याच. आदल्या दिवशीपर्यंत ज्याला कोणाचं काही देणं नव्हतं तो क्लब स्वतःला विकत घेतल्याचा हप्ता भरायला लागला. आयजीच्या जीवावर बायजी उदार म्हणतात ना, पण इथे बायजीने आयजीलाच गहाण टाकलं. तेव्हा तुम्हालाही एखादा क्लब घ्यायचा असेल तर माझं ऐका, गेली वीस वर्षं मी हा कोर्स रात्री जागून, स्वतःच्या खर्चाने करतोय.

पहिल्यांदा क्लब नीट निवडा. कर्ज नसलेला हवा, कपाटभर ट्रॉफ्या हव्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सपोर्टर असे हवेत जे मेले तरी दुसऱ्या टीमकडे जाणार नाहीत. मोबाईलची कंपनी आवडली नाही तर माणूस पोर्ट करतो, क्लब कोण पोर्ट करतं? हीच तुमची खरी तारण मालमत्ता, बाकी स्टेडियम वगैरे नुसतं विटा आणि पत्रे.

सुरुवातीला थोडी आरडाओरड होईल, मनावर घेऊ नका. ग्लेझरांची मुलं मालक म्हणून पहिल्यांदा ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे क्लबच्या स्टेडियमवर, आली तेव्हा बाहेर एवढा राडा झाला की त्यांना पोलीस व्हॅनमध्ये घालून बाहेर काढावं लागलं. काही लोक इतके चिडले की त्यांनी सरळ एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा दुसरा क्लब काढला, सभासदांच्या मालकीचा, एका माणसाला एक मत, म्हणजे चक्क सहकारी. (आपल्याकडे सहकारी म्हटलं की डोळ्यापुढे वेगळीच मंडळी येतात, ते असो.) जाऊ द्या त्यांना. गेले त्यांच्या कितीतरी पट राहतात.

कर्ज काढताना व्याजाकडे बघायचं नाही, कारण ते आपण भरत नाही. यांच्या एका कर्जाचं व्याज सव्वाचौदा टक्के होतं, ते 2010 मध्ये सव्वासोळा झालं. गावाकडच्या सावकारालाही एवढं मागताना जरा खाली बघावं लागलं असतं. आत्तापर्यंत व्याज, खर्च आणि डिव्हिडंड मिळून क्लबमधून 100 कोटी पौंडांच्या वर पैसा बाहेर गेला असं म्हणतात, आणि एवढं होऊन मूळ कर्ज साधारण 65 कोटी डॉलर आहे तिथेच आहे, अगदी जपून ठेवल्यासारखं. पैसे अजून कमी पडले तर शेअर बाजारात उतरा. 2012 मध्ये कंपनीची नोंदणी केमन बेटांवर, लिस्टिंग न्यूयॉर्कला, आणि शेअरचे दोन प्रकार, लोकांच्या शेअरला एक मत आणि मालकांच्या शेअरला दहा. लोकशाही आहेच, फक्त ती दहाच्या पाढ्यात आहे.

आता उत्पन्न. टीम जिंकल्याने पैसा येतो हा गैरसमज डोक्यातून काढा, पैसा पार्टनरने येतो. यांच्याकडे नूडल्सचा अधिकृत पार्टनर होता, गादी-उशांचा होता, चिप्सचा होता, आपल्या अपोलो टायर्सशी पण करार झाला होता. गादीवाला मला विशेष पटतो, 2013 ला मॅनेजर फर्ग्युसन रिटायर झाल्यापासून जो फुटबॉल चाललाय त्याला गादीशिवाय पर्याय नाही. 2024-25 ला क्लबचं उत्पन्न 66 कोटी पौंडांच्या वर गेलं, तोपर्यंतचा विक्रम, आणि त्याच सीझनला टीम लीगमध्ये पंधरावी आली. पंधरावी! आणि विक्रमी उत्पन्नावर 3.3 कोटी पौंड तोटा, तो कसा काय ते मी माझ्या सीए मित्राला विचारलं तर तो म्हणाला चहा सांग.

खरेदी कशी करायची तेही शिकून घ्या. पॉग्बा नावाचा खेळाडू 2012 मध्ये फुकट जाऊ दिला, 2016 मध्ये तोच 8.9 कोटी पौंडांना परत आणला आणि 2022 मध्ये पुन्हा फुकट जाऊ दिला. आमच्या इथे भंगारवाला जुना कुकर नेतो तर किमान दोन वाट्या तरी देतो हो.

एवढ्या उलाढालीत छपरासाठी पैसे उरत नाहीत हे समजून घ्यायला हवं. मे 2024 मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून अक्षरशः धबधबा पडत होता. मोठं घर पोकळ वासा ही म्हण आपण उगाच आपल्यापुरती समजत होतो. यावर उपाय दुरुस्ती नाही, तर नव्या एक लाख सीटच्या स्टेडियमचं चित्र दाखवणं. खर्च 200 कोटी पौंड, डिझाईन नॉर्मन फॉस्टरचं, आणि वर काय, तर सगळ्यावर पसरलेली भलीमोठी छत्री. म्हणजे गळतंय हे पोचलं एकदाचं.

आणि लोक फारच वैतागले की एक लोकल पार्टनर आणा. फेब्रुवारी 2024 मध्ये उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ आले, जन्म तिथलाच, लहानपणापासून युनायटेडचे फॅन, आम्ही पण म्हटलं चला आपला माणूस आला. आपल्या माणसाने आल्यावर अडीचशे लोकांना घरी पाठवलं, पुढच्या वर्षी अजून दीड-दोनशे जणांची यादी काढली आणि स्टाफचं फुकट जेवण बंद केलं. ओल्ड ट्रॅफर्डच्या ऑफिसला फळं, ट्रेनिंग ग्राउंडच्या स्टाफला सूप आणि सँडविच. एकादशी नाहीये, काटकसर आहे. त्याच काळात मॅनेजर टेन हागला उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं आणि ऑक्टोबरमध्ये काढलं, वाट बघून बघून आणलेला स्पोर्टिंग डायरेक्टर पाच महिन्यांत गेला, आणि या दोन निरोपसमारंभांचा खर्च जवळपास दीड कोटी पौंड. त्यात किती सूप आलं असतं हा हिशोब मी एकदा करायला घेतला होता पण बायको म्हणाली झोप आता.

तिकिटाचं तर विचारूच नका. सीझनच्या मध्येच मेंबरांसाठी उरलेली तिकिटं 66 पौंड केली, म्हणजे आपले सात हजार, त्यात लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. एसटीचे तेवढे संस्कार त्यांच्यावर झालेले नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा, फॅन कधीकधी खरंच उठतात. 2021 च्या एप्रिलमध्ये मालक इतर बड्या क्लबांबरोबर सुपर लीग नावाची वेगळी स्पर्धा काढायला गेले आणि दोन दिवसांत गाशा गुंडाळावा लागला, मग 2 मे ला, कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी असताना, लोक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली. अशा वेळी माफीचं पत्र काढायचं आणि पावसाळा जाईपर्यंत गप्प बसायचं. ऑगस्टमध्ये नवीन जर्सी येते, लोक रांगेत उभे राहतात.

कोण लोक, तर माझ्यासारखे. 2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. रात्री मूर्तीजवळ जागायची पाळी माझी आणि मंडळाच्या खजिनदार काकांची, आणि साडेबाराला ग्रिम्सबीची मॅच. ग्रिम्सबी म्हणजे मासेमारीचं गाव, टीम चौथ्या डिव्हिजनमधली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे 20 कोटी पौंडांचे तीन नवे फॉरवर्ड आलेले. हाफटाइमला आम्ही दोन-शून्य मागे, तिकडे पाऊस, आमचा मॅनेजर डगआउटमध्ये बसून हातातल्या छोट्या बोर्डावर सोंगट्या सरकवतोय. कसेबसे दोन-दोन केले आणि मग पेनल्ट्या, एक दोन नाही, सव्वीस. शेवटची आमच्या नव्या एम्ब्यूमोने बारवर मारली. 12-11. तीन वाजत आलेले, समईत तेल घालायचं मी विसरलो होतो ते काकांनी घातलं.

काका मघापासून माझ्या मोबाईलकडे नाही, माझ्या जर्सीकडे बघत होते. "केवढ्याला रे ही?"

"साडेपाच हजार."

"आणि कर्ज आहे म्हणालास ना त्या मंडळावर?"

"आहे."

काकांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं, चष्मा लावला, दोन-चार पानं मागे जाऊन माझं नाव शोधलं. तिथे 501 होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.