लायसन्स आहे म्हणून पिस्तूल कमरेला लावून मिरवता येत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. लायसन्स असलं की पिस्तूल कमरेला उघडं लावून फिरता येतं, अमेरिकेत सगळीकडे असंच चालतं, हत्यार दिसलं की गुंड लांबूनच पळतो, स्वसंरक्षणासाठी गोळी घातली तर गुन्हाच नाही, म्हणून मुंबईतल्या प्रत्येक बाईने लायसन्स काढावं. लेकी-सुनांच्या काळजीनेच लोक पाठवतायत हे कळतं, पण यावर विश्वास ठेवून कोणी खरंच तसं वागलं तर फार महागात पडेल.

लायसन्सचं आधी बघा. शस्त्र नियम 2016 मधला नियम 32 काय सांगतो, तर सार्वजनिक जागी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, न्यायची असेल तर ती होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या कव्हरमध्ये) किंवा सॅकमध्ये पाहिजे, पूर्ण झाकलेली पाहिजे आणि आपल्या ताब्यात पाहिजे. उगारून दाखवायलाही मनाई आहे. म्हणजे उघडं की लपवून हा प्रश्न आपल्याकडे उरतच नाही.

अमेरिकेतही सगळीकडे एकच कायदा नाही, राज्यागणिक बदलतो. टेक्सासमध्ये 2021 पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय हँडगन नेता येते, उघडी असली तर होल्स्टरमध्ये. इलिनॉयमध्ये मात्र उघडी न्यायला बंदी आणि लपवून न्यायची तर परवाना लागतो. आणि तिकडे बंदूक बाळगणारेच यावर वर्षानुवर्षं भांडतायत, काही म्हणतात दिसली की धाक बसतो, बाकीचे म्हणतात ज्याच्याकडे दिसते त्याच्यावरच पहिला हल्ला होतो नाहीतर ती हिसकावली जाते. मेसेजमध्ये यातली एकच बाजू आहे.

आता हेच मुंबईत आणून बघा ना. संध्याकाळी दादरच्या पुलावर किंवा विरार फास्टमध्ये आपला हात आपल्या खिशापर्यंत पोचत नाही, मागचा कोण, बाजूचा कोण पत्ता नसतो, तिथे कमरेला उघडं पिस्तूल म्हणजे कोणाच्याही हाताला लागेल असं हत्यार. पोलिसांच्या रिव्हॉल्व्हरला दोरी असते ती उगाच नाही, आणि ते तर ट्रेनिंग घेतलेले लोक. बरं, पर्समध्ये लपवलं तरी हल्ला करणारा हातभर अंतरावर असतो, चेन उघडून, काढून, नेम धरून, मागे कोणी उभं नाही हे बघून चालवायला तो वेळ देणार आहे का?

धाकाचं म्हणाल तर 12 ऑक्टोबर 2024 ला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकींना गोळ्या घातल्या तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्हमध्ये मारलं, ते पिस्तूल मारणाऱ्याच्या बॉडीगार्डच्या लायसन्सवरचं होतं असं तपासात समोर आलं. लायसन्स एकाचं, गोळ्या झाडल्या दुसऱ्याने. मला या सगळ्या चर्चेत सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, कारण आपल्या घरांमध्ये साधी कपाटाची किल्ली पण सगळ्यांना माहीत असते.

"गुन्हाच नाही" हे सगळ्यात धोकादायक वाक्य. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, अगदी खरं, आणि कलम 38 प्रमाणे जिवावरचा हल्ला, बलात्कार, अपहरण, ॲसिड अशा वेळी समोरचा मेला तरी तो हक्क लागू होतो. पण कलम 37 म्हणतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. चेन ओढून पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव होतो का हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागेल, आणि तोवर एफआयआर, अटक, हत्यार जप्त, वकिलाची फी, हे सगळं आपल्याच घरावर.

लायसन्सही मागितलं की मिळत नाही. मुंबईत ते पोलीस आयुक्तांकडून मिळतं, कारण सांगावं लागतं, पोलीस चौकशी होते. 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याने निर्भीक नावाची हलकी रिव्हॉल्व्हर काढली, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रोज सेकंड क्लासने जाणारी कुठली पोरगी ती घेणार आहे? पेपर स्प्रेला शस्त्र परवाना लागत नाही, तो आजच घेऊन देता येतो, फक्त डबीवरची एक्सपायरी बघा आणि मोकळ्या जागेत एकदा तिच्याकडून चालवून घ्या.