वेगळा सिनेमा पाहताना घ्यायची काळजी

मित्राच्या भाचीने काम केलंय म्हणून, फुकट पास मिळाला म्हणून किंवा शेजारच्या पडद्यावरचा शो फुल झाला म्हणून, कधी ना कधी तुमच्यावर प्रायोगिक मराठी सिनेमा पाहायची वेळ येणारच. आपण ठाणेकर, गडकरी रंगायतनच्या रांगेत उभं राहून मोठे झालेले. चारचौघांत अब्रू जाऊ नये म्हणून थोडी तयारी हवी.

आधी जेवून घ्या. मल्टिप्लेक्सने मराठी सिनेमा दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात दाखवावा, असं सरकारने २०१५ मध्ये ठरवलं. तेव्हा तुमच्या सिनेमाच्या वाट्याला सव्वाबाराचा शो आला तर समजून घ्या: नियम पाळला गेला आणि हॉलही रिकामा राहिला. भरल्या पोटी एसीत डोळा लागलाच, तर बाहेर आल्यावर ‘मी त्या लयीत शिरलो होतो’ म्हणता येतं.

हा सिनेमा व्यक्तिरेखाप्रधान आहे, असं कुणीतरी सांगेल. म्हणजे माणसाचं पुढे काय होतं यापेक्षा माणूस कसा आहे, हे त्यात दिसतं. आता यात दोन तास बघायचं काय? माणूस कसा आहे हे आपल्याला आडनाव कळलं की कळतं. दिग्दर्शकाने लबाडी करून आडनावच सांगितलं नसेल, तर शेजाऱ्याला विचारा. भिंतीवरचे फोटो बघून तो काहीतरी अंदाज देईल.

मग कॅमेरा थांबतो. नायक खिडकीशी बसलाय. एक मिनिट झालं, दोन झाली. घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात पुढच्या कंटेनरची पाठ पाऊण पाऊण तास बघणारी माणसं आपण. पाटी कुठल्या राज्याची, कोपऱ्यात लिंबू-मिरची किती दिवसांची, सगळं पाठ होतं. पण पडद्यावरचा माणूस दोन मिनिटं गप्प बसला की हात आपोआप मोबाइलकडे जातो. जाऊ द्या. ब्राइटनेस तेवढा पूर्ण ठेवा, मागच्या रांगेलाही बघायला काहीतरी होईल.

उठायचं कधी, याचंही शास्त्र आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही त्याचं कौतुक झालं. त्यात शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, लोक निघून जातात, दालनातले दिवे बंद होतात आणि पडद्यावर अंधार पसरतो. चाणाक्ष प्रेक्षक त्या अंधाराचा फायदा घेऊन उठतो. सिनेमा पुढे चालूच राहतो, न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, पण त्यांच्या सहलीशी आपल्याला काय देणंघेणं? तोवर आपली गाडी बेसमेंटमधून बाहेर पडलेली असते.

तुम्ही शेवटपर्यंत थांबलातच, तर बाहेर दोन पक्ष भेटतील. एक म्हणतो, ‘स्टोरीच नाही.’ दुसरा म्हणतो, ‘खूप लेयर्स आहेत.’ कोणते, ते विचारू नये, तो चिडतो. दोघांनाही चालेल असं वाक्य म्हणजे ‘सिनेमॅटोग्राफी सुंदर होती.’ ते माहेरच्या अल्बमलाही लागू पडतं. अगदीच कोंडीत सापडलात तर ‘वेगळा प्रयत्न आहे’ म्हणा आणि मिसळ खायला चला.

खरा धोका या दोघांकडून नाही. तो तुमच्या शेजारच्या काकूंकडून आहे. काकूंना लेयर्स माहीत नाहीत, स्टोरी नाही याचीही तक्रार नाही. त्या पर्स मांडीवर घेऊन नुसत्या बघत असतात. आणि तासाभराने, सगळा हॉल पेंगत असताना, सुनेला म्हणतात, ‘अगं, आज त्याने एकच कप काढला. कालपर्यंत दोन काढत होता ना?’

दिग्दर्शकाने कपाबद्दल कुठे काही सांगितलेलं नसतं. बायको गेल्याचं पात्रांच्या तोंडी एकदा येतं, तेवढंच. त्या एका कपासाठी त्याने तासभर तुम्हाला रोज तोच ओटा दाखवलेला असतो. अशा वेळी सुनेने ताबडतोब म्हणावं, ‘आई, हळू बोला, लोक बघतायत.’

काकूंना परदेशी सिनेमे तर मुळीच दाखवू नका. बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांनी १९७५ साली एका बाईचे तीन दिवस दाखवणारा ३ तास २१ मिनिटांचा सिनेमा केला. स्वयंपाक, भांडी, आवराआवर. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि तिथून तिची घडी विसकटत जाते. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने समीक्षकांचा कौल घेतला, त्यात तो आजवरच्या सर्व सिनेमांत पहिला आला. एवढे विद्वान कामाला लागले तेव्हा कुठे हे ठरलं. काकू बटाट्यांपाशीच म्हणतील, ‘हिचं काहीतरी बिनसलंय,’ आणि विद्वानांची सगळी मेहनत पाण्यात.

शोनंतर दिग्दर्शकाशी गप्पा असतील, तर माइक आधी आपल्या हाती घ्या. ‘माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे,’ अशी सुरुवात करा, तुमच्या कॉलेजातल्या एकांकिकेवर या आणि तिला मिळालेल्या उत्तेजनार्थ बक्षिसापाशी थोडं थांबा. तुमच्यानंतरच्या गृहस्थांना बजेट विचारू द्या. त्यांच्यानंतर कुणीतरी ‘मराठी सिनेमाला प्रेक्षक का येत नाही’ हे विचारेलच, मग काळजी नाही. पण एवढं करूनही माइक काकूंकडे गेला, त्यांनी ‘तो दुसरा कप तुम्ही पुढे कुठे ठेवलात हो?’ असं विचारलं आणि दिग्दर्शक खुर्चीत पुढे सरकून बसला, तर मात्र सरळ उठा. तो आता अर्धा तास बोलणार आणि पार्किंगचा पुढचा तास सुरू होणार.