शिक्षक आधीपासूनच होता

‘गणवेश उतरला आणि आजोबांमधल्या सैनिकाची जागा शिक्षकाने घेतली’ हे, सैन्यातून निवृत्त होऊन शिक्षक झालेल्या आपल्या आजोबांवर लेखकाने लिहिलेल्या लेखातील विधान पटले नाही. दीर्घ सेवा केलेल्या सैनिकाचा बराच काळ नव्या जवानांना शिकवण्यातच जातो, आणि तेही असे की दमल्याभागल्या अवस्थेतही त्यांना ते आठवावे. माझे आजोबाही आधी सैनिक, मग शिक्षक. समोच्चरेषा (नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) समजावताना ते आम्हाला मूठ आवळायला लावत, उंचवट्यांभोवती पेनाने एकेका उंचीवर वलये काढत आणि वरून पाहायला सांगत: रेषा दाट, तिथे चढ उभा. हीच युक्ती आधी जवानांना, नंतर वर्गाला आणि शेवटी नातवंडांना मिळाली (आमच्या वाट्याला ओरडा तेवढा कमी आला). लेखकाने आपल्या आजोबांच्या शिकवण्याच्या पद्धतीवर चार ओळी अधिक लिहायला हव्या होत्या.