निरंक असल्यास निरंक कळवावे

जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना लोक भलतेच सल्ले देतात. गणित पेटीतले दशकाचे दांडे कसे वापरावेत, पहिलीला जोडाक्षरे कधी सुरू करावीत, वाचनात मागे पडलेल्या पोराला कुठे बसवावे. हे सगळे निवृत्तीनंतर निवांत करता येते. आधी माहिती भरायला शिका.

शहरातल्या कचेऱ्यांत म्हणे माहितीचा मारा होतो आणि माणसे थकतात. तुमचे दुखणे त्याहून वरच्या दर्जाचे आहे. तुमच्यावर माहितीचा मारा होत नाही, माहितीच्या मागणीचा होतो. मागणारे दहा, देणारे तुम्ही दोघे. त्यातही शाळा द्विशिक्षकी असेल तर दुसरा आज प्रशिक्षणाला गेलेला असतो.

मागणी खाली कशी उतरते ते एकदा समजून घ्या, म्हणजे रक्तदाब आटोक्यात राहील. पुण्याहून निघालेल्या पत्रावर समजा शुक्रवारची मुदत आहे. जिल्ह्याला संकलन करायचे असते, म्हणून शिक्षणाधिकारी कार्यालय तालुक्यांना गुरुवार देते. गटशिक्षणाधिकारी कार्यालयालाही संकलन असतेच, ते बुधवार देते. विस्तार अधिकारी बीटला, म्हणजे आपल्या हाताखालच्या केंद्रांना, मंगळवार देतात. केंद्रप्रमुखांना आपल्या दहा-बारा शाळांची बेरीज मारायची असते. आणि एवढ्या पायऱ्या उतरून पत्र तुमच्या मोबाइलवर टेकते तेव्हा मंगळवारच उजाडलेला असतो, वेळ दुपारी अडीच. वर ओळ असते: ‘अतितात्काळ. आज ४ वाजेपर्यंत. विलंबाची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’ यात कोणाचीच चूक नाही. प्रत्येकाने आपल्या बेरजेपुरता एकेक दिवस ठेवून घेतला, इतकेच. ज्याला बेरीजच करायची नाही, फक्त माहिती गोळा करायची आहे, त्याला दिवस हवा कशाला?

तेव्हा पहिला नियम: सगळ्या ग्रुपांत राहा. केंद्र, बीट, तालुका मुख्याध्यापक, पोषण आहार, यू-डायस (शाळांची सरकारी नोंद), आधार, बीएलओ (मतदार यादीचे काम), प्रशिक्षण, संघटना, पालक, शाळा व्यवस्थापन समिती, शिवाय ‘केंद्र – फक्त महत्त्वाचे’ आणि त्यातल्या गर्दीला कंटाळून काढलेला ‘केंद्र – अतिमहत्त्वाचे’. बाहेर पडायचा विचार मनात आलाच, तर एवढे ध्यानात असू द्या की व्हॉट्सअ‍ॅपवर हल्ली ग्रुप सोडल्याची सूचना चारचौघांना जात नाही, फक्त अ‍ॅडमिनला जाते. आणि तुमचा गोपनीय अहवाल लिहिण्यात ज्यांचा हात असतो, तेच अ‍ॅडमिन असतात.

निळ्या टिका बंद करून काही साधत नाही. ती सोय एकास एक गप्पांपुरती. ग्रुपात कोणी वाचले ते ‘मेसेज इन्फो’त दिसतेच. जाणकार मंडळी ग्रुप न उघडता वरची पट्टी ओढून पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचतात. संदेश पोचला, पण वाचला नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत त्यामुळे संध्याकाळपर्यंत राहता येते. पुढे मात्र ‘खालील शाळांची माहिती अप्राप्त’ अशी यादी येते. तीत नाव लाल रंगात येऊ नये यासाठी लोक नवस बोलतात. बोलू नका, नवसाचीही माहिती द्यावी लागेल.

एक पत्र साधारण तीन वेषांत येते: पीडीएफ, स्क्रीनशॉट आणि टेबलावर ठेवून काढलेला तिरका फोटो, ज्यात जावक क्रमांकावर साहेबांच्या चहाच्या कपाची सावली असते. तिन्ही उतरवून ठेवा. कारण मुदत फोटोत दिसते, प्रपत्र पीडीएफमध्ये असते आणि ‘हार्ड कॉपी दोन प्रतीत’ हे वाक्य फक्त स्क्रीनशॉटच्या खालच्या कडेला, अर्धे कापलेले असते. प्रपत्र वर्डमध्ये असेल आणि ते टंकणाऱ्याचे जुन्या फॉन्टवर प्रेम असेल, तर ‘जिल्हा परिषद’ या जागी तुम्हाला इंग्रजी अक्षरे, कंस आणि अर्धविराम दिसतील. घाबरू नका. तो फॉन्ट तुमच्या मोबाइलवर नाही, इतकाच अर्थ. रकाने सात असतील तर पहिले सहा काय विचारत असणार हे न वाचताही सांगता येते.

ते असे: यू-डायस क्रमांक, शाळेचे नाव, गाव, केंद्र, तालुका, जिल्हा. आता गंमत पाहा. यू-डायस क्रमांक अकरा अंकी. पहिले दोन अंक राज्याचे, आपले २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. म्हणजे पहिला रकाना भरताच बाकीचे बहुतेक आपोआप कळायला हवेत. त्यासाठीच तर तो क्रमांक काढला. पण कळले म्हणून विचारायचे नाही, असा काही शासन निर्णय नाही. सातवा रकाना पटाचा, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येचा. पट तुम्ही जूनमध्ये कळवलेला असतो, ३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदे ठरवण्यासाठी, पुन्हा कळवलेला असतो, राज्याच्या सरल पोर्टलवर मुलागणिक असतो, यू-डायस प्लसवर मुलागणिक असतो, तरीही कळवा. ‘मागच्या आठवड्यातच दिला होता’ असे लिहू नका. मागच्या आठवड्याचा पट ज्या टेबलावर गेला ते टेबल वेगळे, हे वेगळे, आणि दोन टेबलांमध्ये कपाट आहे.

हुशार मुख्याध्यापक यावर एक मास्टर फाइल ठेवतात. ठेवाच, पण ती एक्सेलमध्ये असते आणि एक्सेलला शिक्षण खात्याशी काही देणेघेणे नाही, हे विसरू नका. आधार क्रमांक बारा अंकी. साध्या रकान्यात तो टाकला की एक्सेल त्याला शास्त्रीय पद्धतीने आखडून ४.५६७८९ई+११ असे काहीतरी दाखवते. खरा आकडा आत शाबूत असतो, तोवर ठीक. पण तशाच अवस्थेत फाइल ‘सीएसव्ही’ म्हणून साठवली की दिसतो तेवढाच जीव उरतो आणि वर्गातल्या तेवीस मुलांच्या आधारांच्या शेवटी शून्यांची रांग लागते. बँक खाते पंधरापेक्षा जास्त अंकी असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे सरळ शून्ये पडतात, आणि खात्याच्या सुरुवातीची शून्ये उडून जातात. म्हणजे पुढची शून्ये मागे आली असे मानून समाधान करून घेता येईल, पण बँक मानत नाही. उपाय सोपा आहे: टंकण्याआधी रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करायचे. टंकल्यानंतर केल्यास गेलेले अंक परत येत नाहीत. बँक शाखेच्या आयएफएससी कोडमधला पाचवा वर्ण शून्य असतो, इंग्रजी ओ नव्हे. शिष्यवृत्तीचे पैसे परत का गेले, याचा खुलासा पुढे मागवला जाईल तेव्हा हे वाक्य उपयोगी पडेल.

जन्मतारखांचे प्रकरण याहून रंगतदार. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०६/२०१८ म्हणजे ६ मे होतो आणि मुकाट्याने रकान्याच्या उजव्या कडेला जाऊन बसतो. १३/०६/२०१८ ला मात्र तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तो अक्षरे समजून डाव्या कडेला राहतो. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेपर्यंत जन्मलेली पोरे उजवी आणि पुढची डावी. ही वर्गवारी अजून कोणी मागवलेली नाही. पण चुकलेल्या तारखेमुळे आधारची पडताळणी ‘इनव्हॅलिड’ येते, इनव्हॅलिड मूल संचमान्यतेत धरताना अडचण होते, आणि समोर बाकावर बसून पेरू खाणारे ते पोर शासनाच्या दृष्टीने शंकास्पद ठरते.

आता सामायिक गूगल शीट. ‘लिंकवर जाऊन आपल्या शाळेसमोर माहिती भरावी, दुसऱ्याच्या रकान्याला हात लावू नये.’ मुदतीच्या शेवटच्या अर्ध्या तासात तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्या एका पानावर उतरतात. लॉगिन न करता आलेल्यांना गूगल प्राण्यांची नावे देते, त्यामुळे तुमच्या ओळीत अनामिक कॅपिबारा नावाचा कोणी फिरताना दिसतो आणि तुम्ही लिहिलेला २३ तुमच्या डोळ्यांदेखत १७ होतो. कॅपिबारा कोणत्या केंद्रातला, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याहून मोठा प्रसंग म्हणजे कोणीतरी आपली शाळा चटकन सापडावी म्हणून फक्त नावांचा रकाना निवडून अकारविल्हे लावतो. नावे हलतात, आकडे जागच्या जागी राहतात. वस्तीशाळेत २१४ मुले आणि तालुक्याच्या केंद्रशाळेत ९. त्याच क्षणी चार वाजतात आणि शीटला कुलूप लागते.

यावर कोणी सांगेल, संगणकावर उघडून आवृत्ती इतिहासात मागे जाता येते. येते. पण शीट ज्यांची आहे ते त्या वेळी व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, असतात. तुम्ही भरल्याबरोबर स्क्रीनशॉट काढा, वर घड्याळ दिसेल असा. ३.५२ ला आपला पट २३ होता, याला पुरावा लागतो.

आणि निरंक, म्हणजे ‘काहीही नाही’. शाळेत चक्रीवादळाने उडालेले छपराचे पत्रे किती? निरंक. परदेशी नागरिकत्व असलेली मुले? निरंक. नवख्याला वाटते, नाही तर नाही, गप्प बसावे. चूक. वरच्या टेबलावरच्या माणसाला प्रत्येक चौकोन भरून दाखवावा लागतो. रिकामा चौकोन म्हणजे ‘नाही’ की ‘अजून आले नाही’ हे त्याला वरच्याला सांगता येत नाही. म्हणून नसलेल्या गोष्टीची माहिती असलेल्या गोष्टीइतकीच तत्परतेने द्यायची, सही-शिक्क्यानिशी. फक्त ती कशी लिहायची यावर मतभेद आहेत. आकड्याच्या रकान्यात ‘निरंक’ हा शब्द लिहिला आणि तालुक्यातल्या बाबूने अधिकचे चिन्ह देऊन बेरीज केली असेल, तर अख्ख्या तालुक्याच्या बेरजेच्या जागी चूक दाखवणारा इंग्रजी शब्द उमटतो. शून्य लिहिले तर फोन येतो, ‘गुरुजी, निरंक लिहा ना, नमुन्यात तसं म्हटलंय.’ दोन्ही लिहा. ०, आणि शेऱ्यात निरंक.

पोषण आहाराला मात्र निरंक चालत नाही, तिथे रोज जेवायला मुले असतात. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल. हजर २३, म्हणजे २ किलो ३०० ग्रॅम तांदूळ, ४६० ग्रॅम डाळ, ११५ ग्रॅम तेल. हे गणित चौथीतली मुलगी फळ्यावर करते. तुमचे काम अवघड आहे: हा २३ हजेरीपत्रकात, आहाराच्या नोंदवहीत, अ‍ॅपवर, हजेरीच्या चॅटबॉटवर आणि केंद्राच्या ग्रुपवर एकच राहिला पाहिजे. अकरा वाजता आजीबरोबर एक पोर उशिरा आले तर त्याला परत पाठवता येत नाही आणि सगळीकडे २४ करता येत नाही. अ‍ॅपवर त्या दिवशीची नोंद राहून गेली की मागची तारीख भरायला तालुक्याच्या लॉगिनचे पाय धरावे लागतात. ते उशिरा आलेले पोर जेवते, पण नोंदीत जेवत नाही.

कोणी कायद्याचा किडा असेल तर तो शिक्षण हक्क कायदा, २००९ काढून बसेल. कलम २७ म्हणते, शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक काम देऊ नये. बरोबरच आहे. म्हणूनच माहिती भरण्याला शैक्षणिक काम म्हणतात. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. त्या चार तासांची माहितीही दरवर्षी मागवतात. तुम्ही भरताच. खरी की खोटी, हा रकाना नाही.

उपक्रमांचे फोटो हा शेवटचा विषय. अक्षांश-रेखांश छापणारा कॅमेरा वापरायचा. शाळेबाहेर मोकळ्या आभाळाखाली दोन मिनिटे उभे राहून मगच फोटो घ्या, नाहीतर मोबाइल जुनीच जागा धरून बसतो आणि तुमचे वृक्षारोपण शेजारच्या गावात झालेले दिसते. फोटो चार एमबीचा, पोर्टलला हवा त्याच्या काही अंश. तो स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून परत घ्यायचा, आपोआप बारीक होतो. फोटोच्या आत दडलेली जागेची नोंद या खटपटीत गळून पडते, वर छापलेली मात्र टिकते, म्हणून छापणाराच कॅमेरा हवा.

मग चढवणे. शाळेत नेटवर्क कुठल्या तरी एकाच खिडकीत येते. तिथे मोबाइल टेकवून पहिलीतल्या एका चुणचुणीत पोराला राखणीला बसवा, तोवर बाकीच्यांना शुद्धलेखनाचे पान काढू द्या. पोर गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत एकेक आकडा मोठ्याने ओरडत राहील: ‘गुरुजी, बेचाळीस! गुरुजी, त्रेसष्ट!’ निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानात पहिलीच्या मुलाला ९९ पर्यंतचे अंक वाचता यावेत असे उद्दिष्ट आहे, आणि या पद्धतीने ते आठवड्याभरात साध्य होते. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव. तिथे चक्र थांबते, सेशन संपते, पुन्हा लॉगिन करा म्हणते. होऊ द्या. नव्याण्णवच्या पुढचे अंक दुसरीला आहेत.