इंजिनचा जुना वेल्डिंग सेट: शून्य व्होल्ट आणि दोन व्होल्ट (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी आमच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर वीज तयार करणाऱ्या वेल्डिंग सेटबद्दल लिहिलं होतं. पावसाळाभर ताडपत्रीखाली होता, गणपतीनंतर काढला, इंजिन लगेच सुरू झालं, पण रॉड टेकवला तर साधी ठिणगी पडेना. रिवाइंडिंगवाल्याने आर्मेचर (तांब्याच्या तारा गुंडाळलेला फिरणारा भाग) जळाल्याचं सांगितलं. मी फील्डला (आर्मेचरभोवतीच्या चुंबकाच्या गुंडाळ्यांना) १२ व्होल्टची बॅटरी लावून चुंबकत्व भरलं आणि सेट चालू झाला. तुमचं म्हणणं असं की बॅटरीचा उपाय खरा दोष झाकतो, कम्युटेटरला (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाला) पॉलिश पेपर मारायला सांगणं चूक आहे, धोक्यांबद्दल मी काहीच लिहिलं नाही, आणि हे भंगार विकून विजेवर चालणारा वेल्डिंगचा इन्व्हर्टर घेणंच शहाणपणाचं. तुमच्या स्वतःच्या चिपळूणच्या सेटचं आर्मेचर नवं भरूनही तो फक्त ठिणग्या मारत राहिला, हेही तुम्ही लिहिलंत. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्या सेटबद्दल, पण आधी माझ्या चुका.

पॉलिश पेपरचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. बाजारात मिळणाऱ्या काळ्या एमरी कापडाची पूड वीज वाहून नेते. ती तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत बसली की शेजारच्या पट्ट्या आपसात जुळतात आणि चांगलं आर्मेचर खरोखर जळतं. लागतो तो बारीक काचपेपर, आणि तोही कम्युटेटर खरखरीत झाला असेल तरच. चांगल्या चाललेल्या कम्युटेटरचा रंग चिंचोक्यासारखा असतो, तपकिरी आणि तुकतुकीत. तो थर घासून तांबं चकचकीत केलं की त्यावर टेकून वीज उचलणारे कार्बन उलट लवकर झिजतात. मूळ लेखात ही दुरुस्ती मी आजच केली आहे.

बॅटरीबद्दल मात्र अर्धंच मान्य. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर त्या दिवशी मी काय काय केलं ते पुन्हा आठवून पाहिलं. बॅटरी लावण्याआधी मी कार्बन वर उचलले होते. चारपैकी दोन कार्बन होल्डरमध्ये घट्ट अडकलेले होते. कार्बनची पूड आणि खारी हवा मिळून होल्डरच्या आत काळा चिकट लगदा झाला होता, स्प्रिंग दाबत होती पण कार्बन खाली सरकत नव्हता. पक्कड धरून हलवला तेव्हा कर्रकन आवाज करून सुटला. ते साफ करून बसवले आणि बॅटरीही लावली, दोन्ही एकाच बैठकीत. मग सेट कशामुळे चालू झाला? लेखात मी सगळं श्रेय बॅटरीला दिलं, आणि तसं लिहायला नको होतं.

पण चुंबकत्व भरणं ही काही अंधश्रद्धा नव्हे. आपल्या या जुन्या डीसी सेटला बाहेरून वीज मिळत नाही. पोलच्या लोखंडात मागच्या वेळचं जे थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यावर पहिले दोनेक व्होल्ट तयार होतात, ते फील्डमध्ये जातात, फील्ड वाढतं, व्होल्टेज वाढतं आणि काही क्षणांत ७०-७५ पर्यंत चढतं. सेट दीर्घ काळ पडून राहिला, उतरवताना आपटला किंवा कोणी फील्डची टोकं उलटी जोडली की ते शिल्लक चुंबकत्व जातं. हर्णैच्या बंदरात एका तांडेलाचा (बोटीच्या प्रमुखाचा) सेट दोन पावसाळे बंद पडून होता. कार्बन मोकळे होते, वायरी शाबूत होत्या, तरी मीटर शून्यावरून हलेना. तिथे बॅटरीशिवाय इलाज नव्हता.

म्हणून बॅटरीच्या आधी मीटर. इंजिन पूर्ण स्पीडला, आपल्याकडच्या बहुतेक सेटला १५०० आरपीएम. स्पीड कमी असेल तर पुढचं सगळं तपासणं फुकट, तेव्हा गव्हर्नर (इंजिनचा स्पीड सांभाळणारा भाग) आणि डिझेलचा फिल्टर आधी बघून घ्या. मग रॉडचा होल्डर आणि अर्थ यांच्या टोकांना डीसीवर मीटर लावा. अगदी शून्य दिसलं तर एक तर कार्बन टेकत नाहीत किंवा चुंबकत्व गेलंय. एक ते तीन व्होल्ट दिसले आणि तिथेच थांबले तर चुंबकत्व आहे, कार्बनही टेकतात, आणि दोष बहुधा फील्डच्या रस्त्यात आहे. त्यात पहिला संशय करंट कमी-जास्त करायच्या रिओस्टॅटवर घ्यायचा. किनाऱ्यावर त्याच्या तारेवर हिरवा गंज चढतो आणि सरकणारा काटा नुसता गंजावर घासत राहतो. नॉब दहा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कितीतरी ‘जळालेले’ सेट मी एवढ्यावर उठलेले पाहिलेत, आणि त्यासाठी लोकांनी रिवाइंडिंगचे पैसे मोजलेलेही पाहिलेत. त्याची मला खरोखर चीड येते.

आता तुमचा चिपळूणचा सेट. आर्मेचर नवं भरल्यावर ठिणग्या आणि कमी व्होल्टेज असेल तर मला तीन जागा बघाव्याशा वाटतात. कार्बनचे होल्डर ज्या रिंगवर बसतात तिला आणि बॉडीला कारखान्याची एकमेकींसमोर खूण असते. उघडून परत बसवताना ती रिंग बोटभर जरी सरकली तरी कार्बन चुकीच्या जागी वीज उचलतात आणि ठिणग्यांची माळ लागते. दुसरी जागा पट्ट्यांमधला अभ्रक. तांबं झिजतं, अभ्रक झिजत नाही. तो वर आला की कार्बन त्यावर उड्या मारतो. हॅक्सॉ ब्लेडचे दात दोन्ही बाजूंनी घासून पातळ करायचे आणि प्रत्येक खाचेतला अभ्रक साधारण एक मिलिमीटर खाली घ्यायचा, मग पट्टीची धार हलकेच मोडायची. दुपारभराचं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. तिसरी जागा फील्डची टोकं. फील्डचं एक टोक सोडून मीटर पाहा, मग जोडून पाहा. जोडल्यावर दोन व्होल्टचे वाढण्याऐवजी कमी झाले, तर टोकं उलटी लागलीयत. अशा सेटला शंभर आर्मेचर बदलली तरी तो उठणार नाही.

धोक्यांचा तुमचा मुद्दा मनाला लागला, कारण मी ते लिहायलाच हवं होतं. बॅटरी लावताना इंजिन बंद, कार्बन वर उचललेले, फील्डच्या प्लसला प्लस. बॅटरीकडची दोन्ही टोकं आधी घट्ट करायची आणि शेवटचा स्पर्श फील्डच्या बाजूला, चार-पाच सेकंदच. काढतानाही तिथूनच काढायचं, कारण वायर सुटताना मोठी ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ गॅस असतो. हातमोजे घालूनच. प्लस-मायनस चुकलं तर सेट उलटा उठेल, रॉडच्या होल्डरला प्लसऐवजी मायनस येईल. रॉड न टेकवता मिळणारे ७५ व्होल्ट ओल्या डेकवर घामेजल्या माणसाला पुरेसे घातक आहेत, तेव्हा गमबूट आणि कोरडे हातमोजे. बोटीवर अर्थचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. विंचचं काम करताना क्लॅम्प सुकाणूला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगची वाट लागते. आणि पाऊस आहे म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धुराने माणूस झोपेत गेल्यासारखा जातो.

दमटपणाचंही इथेच सांगतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणजे वाइंडिंगवर बसलेलं मीठ चार महिने ओलंच. गणपतीनंतर सेट काढला की चालू करण्याआधी केसिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब दोन रात्री लावून ठेवा, मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर आणखी सुकवा. ओला सेट ‘जळालेला’ ठरवून उघडला जातो, हे मी फार वेळा पाहिलंय.

राहिला इन्व्हर्टर. ग्रिलचं, गेटचं काम असेल, घरात वीज असेल, तर मीही तोच घ्या म्हणेन. हलका आहे, आर्क सुंदर देतो. पण २०० अँपियरवर वेल्डिंगला साधारण २८ व्होल्ट लागतात, म्हणजे ५६०० वॅट नुसते जोडावर. त्यासाठी ७-८ केव्हीएचा जनरेटर लागतो, मग हलकेपणा राहिला कुठे? शिवाय त्याचा पंखा खारी हवा थेट आतल्या सर्किटच्या कार्डावर फेकतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. आमचा हा ‘भंगार’ सेट पिकअपवर टाकून आम्ही गावोगाव छपरांच्या कैच्या जोडत फिरलो, डिझेल मिळत होतं तोवर काम थांबलं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या बोटींची सुकाणूं आणि विंच याच सेटवर होतात. जेट्टीवर थ्री फेज कुठून आणायची?

तुमचा सेट अजून विकला नसेल तर एवढं करा. कार्बनच्या रिंगची खूण जुळवा, इंजिन स्पीडला आणा, मीटर लावा. शून्य येतात की दोन, आणि फील्ड जोडल्यावर ते वाढतात की कमी होतात, तेवढं खाली लिहा.