मुले बरोबर असतील तर द्वारका अर्ध्या दिवसात उरकू नका

दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या बडोद्यात, दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत, मराठी घराघरांतून सौराष्ट्राच्या सहलीचे बेत सुरू होतात आणि ते बहुतेक एकाच ठरावीक क्रमाने आखलेले असतात. रात्रीच्या गाडीने द्वारका, सकाळी दर्शन, दुपारी नागेश्वर, गोपीतलाव आणि बेट द्वारका दाखवणारी बस, दुसऱ्या दिवशी पोरबंदरमार्गे सोमनाथ आणि जमलेच तर दीव. घरातल्या ज्येष्ठांना या धावपळीतही दर्शनाचे समाधान मिळते आणि ते मोलाचेच आहे; पण मुलांच्या वाट्याला रांगा आणि बसची खिडकी यांपलीकडे फारसे काही येत नाही. माझे ठाम मत असे आहे की, मुले बरोबर असतील तर सोमनाथ आणि दीव पुढच्या वर्षावर टाकावे आणि हाताशी असलेले सगळे दिवस एकट्या ओखामंडळाला, म्हणजे द्वारका, ओखा आणि बेट द्वारकेच्या परिसराला, द्यावेत.

श्रीकृष्णाने नगर वसवण्यासाठी समुद्राकडून बारा योजने जमीन घेतली आणि त्याच्या निजधामगमनानंतर समुद्राने ती परत घेतली, ही कथा आपण मुलांना घरी सांगतोच. तीच कथा द्वारकेत समुद्राला मिळणाऱ्या गोमती नदीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी सांगून पाहावी. जगतमंदिराच्या, म्हणजे द्वारकाधीशाच्या मुख्य मंदिराच्या, छप्पन पायऱ्या उतरून सकाळी पाहिलेला तुडुंब घाट काही तासांत ओसरतो, ओली वाळू उघडी पडते, शेवाळलेल्या खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते आणि त्यात नखाएवढे खेकडे तिरके पळताना दिसतात. समुद्र जमीन देतो आणि परत घेतो, हे तिथे मुलाला वेगळे समजावावे लागत नाही.

रुक्मिणीमंदिराचेही तसेच आहे. दुर्वासांना न विचारता रुक्मिणी पाणी प्यायली म्हणून तिला शाप मिळाला, तिचे मंदिर गावाबाहेर वेगळे राहिले आणि इथले पाणी खारट झाले, असे तिथे सांगतात. मंदिरात आजही जलदानाची प्रथा आहे. दर्शन घेऊन पुढे ओख्याच्या रस्त्याला लागले की मिठापूर येते, तिथे मिठागरे दिसतात आणि १९३९ मध्ये सुरू झालेली टाटा केमिकल्सही तिथलीच. गोड्या पाण्याची टंचाई असलेल्या भूमीने आपले दुःख कथेत सांगितले आणि पोट त्याच खारेपणावर भरले, हे एका सकाळीत मुलांना दाखवता येते. बसच्या वेळापत्रकात या दोन गोष्टी कधीच एकत्र येत नाहीत.

‘पण द्वारका खरंच बुडाली होती का?’ हा प्रश्न मुले विचारतातच, आणि त्या वेळी वडीलधाऱ्यांनी मुलांना गप्पही करू नये आणि भ्रमणध्वनीवर आलेले सुवर्णनगरीचे चित्रही दाखवू नये. जे आहे ते सांगावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६३ मध्ये इथे उत्खनन केले. पुढे १९८०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली पाणबुड्यांनी समुद्रतळ धुंडाळला. द्वारका आणि बेट द्वारकेच्या परिसरातील पाण्यात घडीव दगड आणि भोके पाडलेले दगडी नांगर मिळाले. बेटावर तीन डोकी असलेल्या प्राण्याची शंखाची मुद्राही मिळाली. पाण्याखालच्या दगडांच्या काळाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. इथे फार प्राचीन काळापासून गलबते ये-जा करीत होती, एवढे मात्र खात्रीने सांगता येते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे मुलांना ते पुरेसे रोमहर्षक वाटते. श्रद्धेला त्याने बाध येत नाही.

आपण बडोदेकर मराठी माणसांनी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याशिवाय सहसा कोणी सांगणार नाही. ओखामंडळ हे बडोदे संस्थानाचा भाग होते. १८१७ च्या सुमारास इंग्रजांनी ते जिंकून गायकवाडांच्या हवाली केले आणि १९४९ मध्ये संस्थानाचे विलीनीकरण होईपर्यंत ते बडोद्याकडेच राहिले. ओखा बंदर महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत उभे राहिले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण या भूमीचे मूळचे धनी असलेल्या वाघेरांनी गायकवाड आणि इंग्रज या दोघांविरुद्ध हत्यार उपसले होते, जोधा माणेक आणि मूळू माणेक यांची नावे तिथे आजही आदराने घेतली जातात, आणि १८५९ मध्ये इंग्रजांनी बेटावर तोफा डागल्या तेव्हा तिथल्या मंदिरांचीही हानी झाली, हेही त्याच दमात सांगायला हवे. आपल्या राज्याचा इतिहास मुलांनी दुसऱ्या बाजूनेही ऐकावा, असे मला मनापासून वाटते. तो ऐकायला बेटावरच्या वाळूइतकी योग्य जागा नाही.

बेटावर जायला २५ फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू झाला आहे. सव्वादोन किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा हा पूल आजी-आजोबांसाठी मोठीच सोय आहे. बोटीच्या काठावरून त्यांना हात धरून उतरवताना होणारी तारांबळ संपली. मात्र पूल झाला म्हणून बेट घाईत आटोपू नये. सुदामा इथेच आपल्या मित्राला भेटला असे मानतात, म्हणून बेटावर तांदूळ अर्पण करतात. ती मूठ मुलांच्या हातून वाहवावी.

समुद्रात खेळायचे असेल तर गोमतीचे मुख टाळावे, तिथल्या प्रवाहाची ओढ धोक्याची असते. त्यासाठी द्वारकेपासून जवळच शिवराजपूरचा किनारा आहे, ज्याला २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. एक दिवस जामनगरच्या वाटेवरील नराऱ्यासाठी अवश्य राखावा. १९८२ मध्ये घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग आहे आणि ओहोटीत तिथे वाटाड्याबरोबर चालत जाऊन प्रवाळ, समुद्रफुले आणि नशीब असेल तर अष्टपाद पाहता येतो. पायात पट्ट्यांचे घट्ट सँडल हवेत, चपला चिखलात रुतून बसतात. ओहोटी हुकली तर तिथे पाण्याशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे आधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात आणि मगच गाडीचे आरक्षण करावे.