चित्रं परत आली तेव्हा

१५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडाली. त्याच संध्याकाळी लंडनला सदबीज या लिलाव कंपनीत डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलाकाराच्या कामांचा लिलाव सुरू झाला आणि दोन दिवसांत ११ कोटी पौंडांच्या वर विक्री झाली. आम्हा चित्रकारांतले कित्येक जण तेव्हा छातीठोकपणे सांगत होते, चित्रांना मंदी लागत नाही.

ऑक्टोबरात सेन्सेक्स ९ हजारांच्या खाली आला आणि दिवाळीनंतर माझी नऊ चित्रं गॅलरीतून टेम्पोने घरी परत आली. मागे गॅलरीचं लेबल, त्यावर पेनाने लिहिलेली किंमत. पावसाळाभर बबल रॅपमध्येच गुंडाळून ठेवल्यामुळे एका निळ्या कॅनव्हासच्या कोपऱ्यात बुरशीचे पांढरे ठिपके. प्रदर्शनात पाच चित्रांवर लाल टिकली, म्हणजे 'विकलं गेलं'ची खूण, लागली होती. त्यातल्या एकाचाही पैसा आला नाही, कारण सगळा व्यवहार तोंडी.

फ्रेमवाल्या काकांचे साडेअकरा हजार मी देणं लागत होतो. त्यांच्या दुकानात चार कारागीर होते, वर्षभरात एकच उरला. तरी काकांनी दोन वर्षं पैशांचा विषय काढला नाही. मला आजही ते आठवलं की भरून येतं.

तेजीत काय झालं होतं? २००५ मध्ये चित्रकार तैयब मेहतांच्या 'महिषासुर' या चित्राने क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या लिलावात दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडला. समकालीन भारतीय चित्राच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली. पण लिलावातला पैसा चित्र विकणाऱ्या मालकाला जातो, काढणाऱ्याला नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे, १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं. मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के, असं त्यात लिहिलंय. माझ्या ओळखीत तो वाटा हातात पडलेला एकही चित्रकार नाही. म्हणजे भाव चढला की नफा मालकाचा, आणि पडला की चित्र, बुरशी, टेम्पोचं भाडं, सगळं आमच्या दारात. हे मला अजिबात मान्य नाही.

मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. चित्र देताना कागद करा. माप, फोटो, किंमत, गॅलरीचं कमिशन, पैसे किती दिवसांत, परत पाठवायचा खर्च कुणाचा, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, सगळं लिहा आणि सही घ्या. सहीला का-कू करणाऱ्या गॅलरीला मी आता चित्र देत नाही, मग ती कितीही मोठी असो.